वाचा गेली, बुद्धी राहिली

घरातील एखादे वडीलधारे माणूस सकाळी अंथरुणावरून उठू पाहते, तो उजवा हात उचलत नाही. तोंड किंचित वाकडे झालेले असते. काही सांगावयाचे असते; ओठ हलतात, परंतु शब्द उमटत नाही, अथवा एकच निरर्थक अक्षर पुनःपुन्हा बाहेर पडते. पुढे काही दिवसांनी हातापायांत थोडीबहुत शक्ती येते, पण वाचा परतत नाही. मग समाचारास आलेली मंडळी खाटेशेजारीच बसून आपसांत बोलू लागतात, आणि ‘आता आबांना काही समजत नाही’ असा निर्णय आबांच्या देखतच दिला जातो. हा निर्णय पुष्कळदा चुकीचा असतो. तो का चुकतो, हे ध्यानी येण्यासाठी मेंदूच्या रचनेची थोडी ओळख करून घ्यावयास हवी.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम भरते. म्हणजे तो शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा होय. परंतु शरीर स्वस्थ असताना जो प्राणवायू खर्च होतो, त्यातील सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. कवटीच्या भक्कम पेटीत, तीन आवरणांत गुंडाळलेला आणि पाण्यासारख्या द्रवाने वेढलेला हा अवयव सुमारे ८६ अब्ज चेतापेशींचा बनलेला आहे.

त्याचे मुख्य भाग तीन. सर्वांत खाली देठासारखा मस्तिष्कस्तंभ असतो. श्वासोच्छ्वास, हृदयाचे ठोके, गिळणे ही जिवाशी निगडित कामे त्याच्याकडे आहेत. म्हणूनच गाढ झोपेतही श्वास थांबत नाही. त्याच्या मागील बाजूस लहान मेंदू असतो. शरीराचा तोल आणि हालचालींतील सफाई तो राखतो. डोक्यावर भरली घागर घेऊन पाणी न सांडता चालणारी स्त्री आणि ठेका न चुकविणारा तबलजी, हे दोघेही लहान मेंदूचे ऋणी आहेत. या दोहोंच्या वर, अक्रोडाच्या गरासारखा वळ्यावळ्यांचा, मोठा मेंदू पसरलेला असतो.

मोठ्या मेंदूचे दोन अर्ध आहेत. शरीराकडे जाणारे बहुतेक आज्ञावाही तंतू मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या टोकाशी एका बाजूकडून दुसरीकडे जातात. त्यामुळे डाव्या अर्धास इजा झाली की उजवे अंग लुळे पडते आणि उजव्यास झाली की डावे. प्रत्येक अर्धाचे पुन्हा चार खंड मानतात. कपाळामागील खंड हालचाली, बेत आणि विवेक यांचा; डोक्याच्या माथ्याकडील खंड स्पर्शाच्या ज्ञानाचा; कानाजवळील खंड ऐकण्याचा व स्मरणाचा; आणि पाठीमागील खंड दृष्टीचा. डोळे निर्दोष असूनही हा पाठीमागील खंड निकामी झाला, तर माणसास दिसत नाही.

मग वाणी कोठे राहते? या प्रश्नाचे पहिले भरवशाचे उत्तर १८६१ साली पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयात मिळाले. लबॉर्न्य नावाचा एक रुग्ण तेथे एकवीस वर्षे राहत होता. काहीही विचारले तरी तो ‘तां, तां’ एवढेच म्हणे, म्हणून सर्वजण त्यास ‘तां’ याच नावाने ओळखीत. कालांतराने त्याचे उजवे अंगही लुळे पडले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तो पॉल ब्रोका या शल्यवैद्यांच्या कक्षात आला. ब्रोकांनी त्यास विचारले, ‘येथे येऊन किती वर्षे झाली?’ त्याने हाताची पाचही बोटे चार वेळा उघडून दाखविली आणि वर एक बोट उभे केले. एकवीस! उत्तर अचूक होते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न केला, तेच उत्तर मिळाले. तिसऱ्या वेळी मात्र, हा आपली परीक्षा पाहतो आहे हे ओळखून तो रागावला. ज्यास गणित येते, आठवण आहे आणि अपमानही कळतो, त्यास निर्बुद्ध कसे म्हणावे?

काही दिवसांतच, १७ एप्रिल रोजी, तो वारला. ब्रोकांनी मेंदू तपासला, तेव्हा डाव्या अर्धातील कपाळामागील खंडाचा एक भाग नष्ट झालेला आढळला. पुढे तसेच आणखी रुग्ण पाहण्यात आले, आणि शब्दोच्चाराची जुळणी करणारे हे स्थान ब्रोकांच्या नावाने प्रसिद्ध झाले. तो मेंदू न कापता जपून ठेवण्यात आला होता. त्याची आधुनिक यंत्राने केलेली तपासणी २००७ साली प्रसिद्ध झाली. ब्रोकांनी वरून पाहिले त्याहून इजा पुष्कळ खोलवर गेलेली होती, असे तीत दिसून आले.

१८७४ साली कार्ल वेर्निके यांनी दुसरी बाजू दाखविली. डाव्या कानाजवळील खंडाच्या मागच्या भागास इजा झाली, तर रुग्ण भराभर बोलतो, परंतु बोलण्यास अर्थ राहत नाही, आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यास नीट उमगत नाही. अर्थात वाचा बिघडलेल्या प्रत्येकास सारे समजतेच असे नव्हे. पण समजते की नाही, हे तपासून ठरवावयाचे असते, मौनावरून नव्हे.

आज मेंदूच्या अशा इजेचे नेहमीचे कारण म्हणजे पक्षाघात. पाटाची एक चारी बुजली की तिच्यावरचीच शेते सुकतात, बाकीची हिरवी राहतात. त्याप्रमाणे एक रक्तवाहिनी तुंबली वा फुटली की तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा भाग मरू लागतो. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आणि वाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे चित्र घेऊन पाहिल्यावाचून ते देता येत नाही. म्हणून तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अकस्मात दिसले, तर तेलाचे मर्दन करीत किंवा सकाळची वाट पाहत बसू नये. लक्षण केव्हा सुरू झाले ती वेळ टिपून ठेवावी, तोंडावाटे पाणी वा औषध देऊ नये, आणि जेथे असे चित्र घेण्याची सोय आहे त्या रुग्णालयात रुग्णास तत्काळ न्यावे.

आणि एवढे करूनही वाचा परतली नाही, तर? तर खाटेशेजारी बसून आबांविषयी बोलू नये, आबांशी बोलावे. वाक्य लहान असावे, आवाज चढवू नये, ‘होय’ वा ‘नाही’ मानेने सांगता येईल असा प्रश्न करावा आणि उत्तरासाठी थांबावे. नेमक्या शिक्षणाने व सरावाने कित्येकांची वाणी महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही, काही अंशी सुधारते. बिसेत्रच्या त्या रुग्णाने बोटांनी एकवीस वर्षे मोजून दाखविली, कारण कोणीतरी त्यास प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहिली.