पांढरीवर जेसीबी चढवण्याआधी…

शेतकरी बंधूंनो, तुमच्या शिवारात एखादी पांढर असेलच. सभोवती काळी जमीन आणि मध्येच राखाडी मातीचा उंचवटा. नांगर घातला की खापरं वर येतात. वाडवडिलांनी ही माती खत म्हणून गाड्या भरभरून वावरात टाकली. ती सकस का? तिथे माणसं नांदली; चुलीची राख, शेण, हाडं यांचे थर साचले. पांढर म्हणजे मोडलेले गावच.

आता रस्ता, बिनशेती प्लॉट किंवा सपाटीकरण निघाले की पहिला घाव या उंचवट्यावर बसतो. पिढ्यान् पिढ्या बैलगाडीला जे जमले नाही, ते जेसीबी दोन दिवसांत उरकतो. म्हणून कामाआधी चाचणी खड्डा घ्यायचा. आखून लहान चर काढतात, थर खरवडत खाली जातात आणि कोणत्या थरात काय निघाले ते लिहून ठेवतात. माणसाचा हात न लागलेली मूळ माती लागली की थांबतात. नोंदी झाल्यावर चर बुजवता येतो. मात्र वरची सुपीक माती वेगळी काढून शेवटी वरच पसरायला सांगा.

थराला एवढे महत्त्व का? दायमाबादचे (ता. श्रीरामपूर) उदाहरण घ्या. १९७४ साली तिथल्या एका शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशा धातूच्या वस्तू मिळाल्या. चौघांचे मिळून वजन साठ किलोच्या वर! पण त्या थर पाहत केलेल्या खोदकामात निघाल्या नाहीत. त्यांच्या वयाचा वाद आजही मिटलेला नाही.

उलट, १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी नाशिकची मातीची गढी आणि प्रवराकाठचे जोर्वे रीतसर खणले. जोर्व्याच्या तांबड्या, काळ्या नक्षीच्या खापरांवरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला 'जोर्वे' हे नाव मिळाले. नागार्जुनकोंड्यालाही धरणाचे पाणी चढण्याआधी, १९५४ ते १९६० या काळात मोठे उत्खनन झाले.

तुम्ही म्हणाल, "साहेब, खड्डा घेऊ दिला आणि जमीनच गेली तर?" नुसत्या चाचणी खड्ड्याने सातबारा बदलत नाही. मात्र जागा केंद्र सरकारने संरक्षित ठरवली, तर शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते, हेही माहीत असावे. उत्खननाने नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद १९५८ च्या केंद्रीय कायद्यात आहे. म्हणून उभ्या पिकाचा पंचनामा आधीच करून घ्या.

नाणी, दागिने सापडले तर घरात ठेवू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरील पुरलेल्या ऐवजाची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते. खबर देणाऱ्याचा हक्क कायदा राखतो. लपवणारा हक्क गमावतो आणि शिक्षेलाही पात्र ठरतो.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांना एक विनंती. प्रत्येक कामाआधी असा खड्डा घ्यावाच, असा सरसकट दंडक आपल्याकडे नाही. त्यामुळे पहिली खबर गावातूनच जायला हवी. गावची पांढर कोणत्या गटात आहे ते लिहून ठेवा आणि काम मंजूर होताच राज्याच्या पुरातत्त्व विभागाला एक पत्र टाका. जेसीबी फिरल्यावर पत्र लिहून काही उपयोग नाही.