ब्राउझरातला सातबारा, सीडीतला पेजमेकर

संगणकावर सॉफ्टवेअर ‘टाकून आणायचं’ असतं, हे कॉलेजातल्या पोरांना आता समजावून सांगावं लागतं. वीसेक वर्षांपूर्वी अकोल्या-वाशीमच्या दुकानातून मशीन घरी यायचं ते विंडोज एक्सपी, ऑफिस, फोटोशॉप ७.० आणि पेजमेकर पोटात घालूनच. पैसे फक्त मशीनचे. सॉफ्टवेअर दुकानदाराच्या पाऊचमधल्या सीड्यांतून आलेलं, त्याची पावती कुणी मागत नसे आणि कुणी देतही नसे. व्हायरस शिरला की ‘फॉरमॅट मारायचा’ आणि त्याच सीड्या पुन्हा फिरवायच्या.

ब्राउझरात चालणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनांनी डेस्कटॉपला कसं गाठलं, याची इंग्रजीत सांगितली जाणारी गोष्ट पैशांपासून सुरू होते: महागडं लायसन विरुद्ध स्वस्त किंवा मोफत सेवा. आपल्याकडे ती लागू पडत नाही. इथं डेस्कटॉपही फुकटच होता. मग अकोला-वाशीम रस्त्यावरच्या, पातूर आणि मालेगावच्या मधल्या मेडशीसारख्या गावात ब्राउझर जिंकला तो कशाच्या जोरावर?

आधी जगाचा हिशेब उरकून घेऊ. पान पुन्हा न उघडता सर्व्हरशी बोलण्याची युक्ती मायक्रोसॉफ्टच्याच आउटलुकवाल्यांनी काढली आणि १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये ती आली. डेस्कटॉपच्या सम्राटानं स्वतःच्या सुरुंगाची वात स्वतःच वळली म्हणायची. तिचा खरा उपयोग दुसऱ्यांनी केला. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, २००५ च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स. त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. चेन्नईच्या झोहोनं २००५ मध्येच ब्राउझरात चालणारा रायटर काढला होता; गूगलनं रायटली काढणारी छोटी कंपनी २००६ मध्ये विकत घेऊन डॉक्स उभं केलं. २००८ मध्ये क्रोम आणि त्याचं व्ही-८ इंजिन आलं, जावास्क्रिप्ट धावायला लागली. पुढं २०१७ मध्ये वेबअसेंब्ली चारही मोठ्या ब्राउझरांत पोचली आणि सी-प्लसप्लसमध्ये लिहिलेले जडशीळ प्रोग्रॅम पानात उघडू लागले. २०१८ मध्ये ऑटोकॅडची वेब आवृत्ती आली, २०२३ मध्ये खुद्द फोटोशॉपची. त्याच्याही कितीतरी आधी, २०१३ मध्ये, इव्हान कुत्स्किर नावाच्या एकट्या प्रोग्रॅमरनं फोटोपी सुरू केलं होतं. फोटोशॉपची फाइल ते ब्राउझरात उघडतं, आणि फाइल सर्व्हरवर जातही नाही, काम आपल्याच मशीनवर होतं.

आता मेडशीकडे. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला, तोवर या गावाचं जिल्ह्याचं काम म्हणजे अकोला. तालुक्याचं काम मालेगावला. सातबारा तलाठ्याच्या दप्तरात, हातानं लिहिलेला. २००० नंतरच्या दशकात तो संगणकावर चढला, पण तो संगणक तहसिलीत. तिथं काम करणारं सॉफ्टवेअर त्या तालुक्यापुरतं, माहिती त्या मशीनपुरती. डेस्कटॉपचा सगळा स्वभाव यात आला: जिथं मशीन तिथं कागद, आणि जिथं कागद तिथं माणसानं जायचं. शेतकऱ्याचं भाडं वाचलं नाही, फक्त अक्षर वाचता येऊ लागलं.

राज्याच्या ई-फेरफार प्रणालीनं हे उलटवलं. तालुक्यातालुक्यातली माहिती राज्याच्या सर्व्हरवर गेली, तलाठी ब्राउझरातून फेरफार घेऊ लागला आणि मंडळ अधिकारी ब्राउझरातूनच तो प्रमाणित करू लागला. सोपं नव्हतं ते. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा जुळेना. कुठं क्षेत्र चुकलेलं, कुठं एखादा खातेदारच गळालेला. चुका दुरुस्त करायला खास एडिट मोड्यूल काढावं लागलं आणि गावोगाव चावडी वाचनं झाली. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. आज मेडशीचा गट नंबर पुण्यातल्या नोकरदार मुलाला रात्री अकरा वाजता पाहता येतो. त्याच्या मोबाइलवर काही ‘टाकलेलं’ नसतं.

माझ्या मते उत्तर इथं आहे. ब्राउझर सॉफ्टवेअर म्हणून सरस ठरला म्हणून जिंकला नाही. कागद त्याच्या पलीकडे जाऊन बसला म्हणून जिंकला. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटी, पीक विमा, जुलै २०१७ पासून जीएसटी, या सगळ्यांचं दार एकच. त्या दाराची सीडी मिळत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि ते दार गावातल्या नेटवर उघडू लागलं, एवढीच त्यात भर.

दुसरं कारण खास मराठी आहे, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. डेस्कटॉपवरची मराठी ही ज्याच्या-त्याच्या फॉन्टची मराठी होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, शिवाय कृतिदेव. श्रीलिपीला तर मशीनच्या मागं हार्डवेअरचं कुलूप लावावं लागे. कुलूप काढलं की अक्षरं बंद. यातल्या बहुतेक जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. त्यामुळे मालेगावात टाइप केलेला अर्ज वाशीमच्या मशीनवर उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. फाइल द्यायची तर फॉन्टसुद्धा द्यायचा. ब्राउझरापुढं हे चालेना. वेबवर शोधायचं, पाठवायचं, साठवायचं तर युनिकोड हवा. ज्या कामाबाबत डेस्कटॉपच्या जगात कुणाचं एकमत होईना, ते वेबनं गुपचूप उरकलं. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीत मराठी आली, तेव्हा ज्यांना इनस्क्रिप्टही येत नव्हती आणि टाइपरायटरची पट्टीही, ते थेट बोलायला लागले. वऱ्हाडी बोललं की यंत्र अजून अडखळतं, पण तो पुण्याच्या मराठीचा जुना मान आहे, यंत्राचा दोष नाही.

तरी डेस्कटॉप मेला असं कुणी समजू नये. गावातल्या कोणत्याही सेवा केंद्रात टेबलाजवळ उभं राहून पाहावं. क्रोमच्या पंधरा-वीस टॅब उघड्या. एकीत पोर्टल, दुसरीत पीडीएफ लहान करणारी साइट, कारण पोर्टल म्हणतं फाइल इतक्याच केबीची हवी. शेतकऱ्यानं अंगठा टेकवायचा ते यंत्र यूएसबीला. त्या यंत्रासाठी मात्र विंडोजवर आरडी सर्व्हिस नावाचा प्रोग्रॅम टाकलेला असतो, आणि ब्राउझर त्याच मशीनच्या ११,१०० नंबरच्या पोर्टवर जाऊन त्याला विचारतो: अंगठा घेतलास का? प्रोग्रॅम झोपलेला असला की सगळा वेब ठप्प. जीएसटीत डिजिटल सही करायची तर एमसायनर टाकावं लागतं. कृषी केंद्राचा, अडत्याचा हिशेब अजून टॅलीत. आणि लग्नपत्रिका, फ्लेक्स, मराठी मासिकांची जुळणी? कोरलड्रॉ, इनडिझाइन, कुठं कुठं तर २००१ चं पेजमेकर ७.० सुद्धा. जोडाक्षराचा काना जिथं हवा तिथंच बसवणारा माणूस अजून ब्राउझरावर विसंबत नाही, आणि त्याचं चुकत नाही.

ब्राउझरावर विसंबण्याची खरी किंमत कळते ती जुलैत. खरीप २०२३ ला एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि राज्यातून दीड कोटीहून अधिक अर्ज आले. सोयाबीन पेरलेला सगळा वाशीम जिल्हा शेवटच्या आठवड्यात केंद्रांवर. अशा वेळी “भाऊ, सर्व्हर डाऊन हाय, दुपारून या” हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही तो या भागातला नव्हे. मुदत ३१ जुलैची ३ ऑगस्ट करावी लागली. सीडीतला पेजमेकर वीज असेल तर चालत होता. त्याला दिल्ली-मुंबईतली सर्व्हरची कोणतीही खोली शुद्धीवर असण्याची गरज नव्हती. तलाठ्याच्या दारची रांग कमी झाली, केंद्राच्या दारची वाढली. दलाल गेला असंही म्हणवत नाही, फक्त आता त्याला पासवर्ड लागतो.

आणि यात तंत्राची अडचण नाही, हे मला जास्त टोचतं. नेट गेलं तरी पान चालू ठेवायची, भरलेली माहिती मशीनवर जपून नंतर वर पाठवायची सोय ब्राउझरांत २०१५ च्या सुमारास आलेली आहे. गूगल डॉक्स ती वापरतं. महाराष्ट्राच्या महसूल खात्यानं १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर आणलेलं ई-पीक पाहणीचं मोबाइल अ‍ॅप तर याच विचारावर उभं: बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढा, रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये राहील, रेंज आली की चढवा. ज्यांनी हे लिहून घेतलं त्यांना मेडशीच्या शिवारात रेंज कशी येते-जाते ते ठाऊक होतं. सरकारी पोर्टलांचे अर्ज मात्र बहुधा अजून सलग नेट आणि सलग वीज गृहीत धरतात. चौथ्या पानावर ‘सेशन संपलं’ असं आलं की पहिल्या पानापासून सुरुवात. अंगठा पुन्हा, ओटीपी पुन्हा. विम्याचं पोर्टल केंद्र सरकारचं, पाहणीचं अ‍ॅप राज्याचं, हे मान्य. पण अर्ज भरायला येणारा शेतकरी दोन्हीकडे तोच, आणि त्याची नेटची कांडीही तीच.