महाग पेट्रोल अधिक चांगलें काय?

जें महाग तें अधिक शक्तिमान, अशी पेट्रोलविषयीं पुष्कळांची समजूत असते. तिची येथें आपण परीक्षा करूं. अमेरिकेंत पंपावर साधें पेट्रोल बहुधा ८७ ऑक्टेन अंकाचें, तर महाग ९१ ते ९३ अंकाचें मिळतें. हा अंक शक्तीचा नव्हे, सहनशीलतेचा आहे. सिलिंडरांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें जातें व ठिणगीनें पेटतें. ज्वाला पोंचण्यापूर्वींच त्याचा कांहीं भाग आपोआप पेटला, तर ठोके ऐकूं येतात व इंजिनास इजा होते. अंक मोठा, तितका अधिक दाब पेट्रोल सोसतें. म्हणून अधिक दाबाच्या इंजिनास तेंच हवें. साध्या इंजिनांत तितका दाबच नसतो. मग त्या गुणाचा उपयोग काय?

ट्रिपल-ए या तेथील मोटारचालकांच्या संस्थेनें २०१६ सालीं साध्या पेट्रोलसाठींच बनविलेल्या गाड्यांत दोन्ही घालून पाहिलीं. लक्षांत घेण्याजोगा लाभ आढळला नाहीं. अशा खरेदींत अमेरिकन लोकांनीं एका वर्षांत २१० कोटींहून अधिक डॉलर व्यर्थ घालविले, असा तिचा अंदाज होता.

विद्यार्थ्यांनो, घरीं मोटार असल्यास तिची पुस्तिका वडिलांसह वाचा. तींत मोठा अंक आवश्यक म्हटला असेल, तर तेंच पेट्रोल घ्यावें. नसेल, तर उरलेल्या पैशांतून पुस्तकें घ्यावींत, असें आम्ही सुचवितों.