आपोआप बदलणारी दिनदर्शिका

भिंतीवरील दिनदर्शिका वर्ष संपतांच निरुपयोगी होते. संगणकाच्या स्प्रेडशीटमध्यें एकदां मांडलेली दिनदर्शिका मात्र वर्षानुवर्षें चालते. तिची रचना कशी करावी, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

स्प्रेडशीट प्रत्येक तारखेस एक अनुक्रमांक देते. एक्सेलमध्यें १ जानेवारी २००० चा अनुक्रमांक ३६,५२६ आहे. म्हणून तारखेंत १ मिळविला कीं पुढील दिवस येतो. महिना तीस दिवसांचा कीं एकतीस, ही चिंता उरत नाहीं.

एका घरांत वर्ष व दुसऱ्यांत महिना लिहावा. ‘डेट’ या सूत्रानें महिन्याची पहिली तारीख काढावी. ‘वीकडे’ हें सूत्र तिचा वार आंकड्यानें सांगतें : रविवारास १, शनिवारास ७. पहिल्या तारखेंतून हा आंकडा वजा करून १ मिळविल्यास पहिल्या ओळींतील रविवार हातीं येतो. पुढें प्रत्येक घरांत मागील तारखेंत १ मिळवीत जावें.

उदाहरणार्थ, १ ऑगस्ट २०२६ रोजीं शनिवार. वरील रीतीनें पहिल्या घरांत २६ जुलै येते. येथें पांचच ओळी घेतल्या तर ३० व ३१ ऑगस्ट गळून पडतात. सोमवारीं ३१ तारखेस परीक्षा असल्यास ती कोणास दिसणार? यास्तव सहा ओळी, म्हणजे बेचाळीस घरें, घ्यावीं.

एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० ही कधींच न उगवलेली तारीखही खरी मानतें. तेव्हां विद्यार्थ्यांनो, गणित यंत्रानें करावें, पडताळा मात्र आपण पाहावा.