चमकणारी संगीन आणि घेणाऱ्याची पारख

आम्ही झरीचे कापडवाले, ठाण उलगडल्याशिवाय भाव बोलत नाही. जुन्या हत्यारांच्या शौकिनांनीही हीच रीत ठेवावी.

सलामीच्या रायफली व संगिनींवर क्रोमचा मुलामा चढवतात. तो गंजत नाही, आरशासारखा चमकतो. विकणारा खुशाल सांगतो, 'पहिल्या निजामाच्या काळचा माल!' पण जनाब, क्रोमचा मुलामा बाजारात आला 1920च्या दशकात. त्याआधीच्या पोलादावर तो दिसला तर मागाहून चढवलेला समजावा. ली-एनफिल्ड रायफलीची 1907 नमुन्याची संगीन घ्या. पाते 17 इंच, मुळाशी कारखान्याचा छाप. मुलाम्याआधी घासताना छाप पुसट झाला असेल, तर जाणकार भाव पाडतोच.

शिवाय 1959चा शस्त्र कायदा चमक पाहत नाही. गोळी सुटू शकणाऱ्या रायफलीला परवाना लागतो. दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुनाट बंदुकीला सूट आहे, पण ते ठरवणारा दुकानदार कोण? संगीनही कायद्याने हत्यारच. बयाणा देण्याआधी परभणीच्या जिल्हाधिकारी कचेरीत विचारावे.

नुसते पाहायचे असेल तर हैदराबादचे सालारजंग म्युझियम 1951 पासून खुले आहे. तिथे हत्यारांचे दालन आहे, आणि परभणीहून रेल्वे जाते.