डोंगरात सायकल चालवायला याल, पण पाणी कुणाचं पिणार? पेण-रोह्याच्या वाटांचं साधं गणित

डोंगरसायकल म्हणजेच एमटीबी. जाड टायर, पुढे शॉक ॲब्सॉर्बर, डिस्क ब्रेक. मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात ही सायकल घेणारे वाढले, आणि शनिवार-रविवारी ती चालवायला जागा हवी म्हणून नजर वळते ती रायगडकडे. पेणच्या मागचे डोंगर, रोह्याजवळचा अवचितगड, खांबचा सुरगड, घोसाळ्याचा परिसर, कोलाडहून भिऱ्याकडे जाणारी कुंडलिकेची दरी. या सगळ्या भागात गुरवाटा, गाडीवाटा आणि वाडीवस्तीच्या पायवाटा आधीपासून आहेत.

मग कुणीतरी म्हणतं, यांना जोडून एक छान 'ट्रेल नेटवर्क' करू या. फलक लावू, नकाशा करू, रील टाकू. चर्चा बहुतेक वेळा वाटेच्या वळणांवर होते. पण अशी योजना अडखळते ती वेगळ्याच प्रश्नांवर. गाडी कुठे लावायची? शौचालय कुठे? पाणी कुठलं? पडलो तर उचलून कोण नेणार? यांनाच नियोजनाच्या भाषेत सार्वजनिक सुविधा म्हणतात. पेण-रोह्यात त्यांचं गणित कसं मांडावं लागेल, ते बघू.

आधी पाणी

पेण तालुक्यात भोगावती नदीवर हेटवणे धरण आहे. तिथलं पाणी सिडकोच्या नवी मुंबईतल्या वसाहतींना जातं. आणि त्याच पेण तालुक्याच्या खारेपाटात, वाशी-शिर्की भागातल्या गावांमध्ये उन्हाळ्यात टँकरची वाट बघितली जाते. वर्षानुवर्षं हा विषय मोर्चे आणि निवेदनांमधून येतो आहे. डोंगरावरच्या आदिवासी वाड्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. पावसाळ्यात तिथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि मार्चनंतर बायका हंडे घेऊन डवऱ्यावर जातात.

आता सायकलवाल्यांचा हंगाम कुठला? पावसाळा संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबर ते मे. वाडीवर पाण्याची ओढ सुरू होते नेमकी तेव्हाच.

धरून चला, एका रविवारी शंभर जण आले. प्यायला प्रत्येकी ३ लिटर, शौचालयासाठी १० लिटर. झाले १,३०० लिटर. परदेशातल्या ट्रेल सेंटरमध्ये असतो तसा 'बाईक वॉश' ठेवला आणि एका सायकलीला ३० लिटर पाणी लागलं, तर त्यात ३,००० लिटरची भर. एकूण ४,३०० लिटर. जलजीवन मिशनचा निकष आहे माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे शंभर पाहुण्यांनी सकाळच्या चार तासांत ७८ गावकऱ्यांचं दिवसभराचं पाणी वापरलं. सायकल धुण्याचा हट्ट सोडला तर हाच आकडा २४ माणसांवर येतो.

म्हणून इथे बाईक वॉश नको, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रश आणि हवेचा पंप ठेवा, चिखल वाळला की झटकून निघतो. सायकल घरी नेऊन धुवा. प्यायच्या पाण्यासाठी गावाच्या नळयोजनेवर तोटी जोडण्यापेक्षा वाटेच्या सुरुवातीला पावसाचं पाणी साठवणारी टाकी बांधणं बरं. कोकणात छतावरचं पाणी मुबलक मिळतं, प्रश्न साठवणीचा असतो. ही टाकी वाडीलाही खुली राहिली पाहिजे. पाहुण्यांसाठी भरलेली टाकी आणि पलीकडे रिकामे हंडे, असं चित्र एका हंगामात भांडण लावून देईल. आणि ते भांडण योग्यच असेल.

पाण्यात काटकसर म्हणजे प्यायच्या पाण्यात काटकसर नव्हे. भिरा इथे २८ मार्च २०१७ ला ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली होती. त्या आकड्यावर तेव्हा शंकाही घेतल्या गेल्या. तो बाजूला ठेवला तरी मार्च-एप्रिलमध्ये दुपारी या दऱ्यांमध्ये चढ चढणं हा खेळ राहत नाही. सकाळी अकरानंतर चढाच्या वाटा बंद, असा नियम फलकावर हवा.

ही जमीन मोकळी दिसते, पण मोकळी नसते

उपग्रहाच्या नकाशावर पेण-रोह्याचे उतार रिकामे दिसतात. प्रत्यक्षात तिथे राखीव वन असतं, गुरचरण असतं, खासगी वरकस जमीन असते. आणि रायगडची खास गोष्ट म्हणजे दळी जमीन. इंग्रजांच्या काळापासून कातकरी आणि ठाकूर कुटुंबांना डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवायला दिलेले हे वनजमिनीचे तुकडे. पिढ्यानपिढ्या कसूनही कागदावर हक्क नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर त्यावर दावे दाखल झाले. एखाद्या उत्साही ग्रुपने जीपीएसवर सरळ रेघ ओढली आणि ती कुणाच्या दळीतून गेली, तर त्यांच्या दृष्टीने ती नुसती वाट. त्या कुटुंबाच्या दृष्टीने मात्र दाव्यातल्या जमिनीवर पाडलेला नवा रस्ता.

याच कायद्याचं कलम ३(२) सुविधांच्या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. ग्रामसभेने शिफारस केली तर वनजमिनीवर शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची योजना, रस्ता, समाजमंदिर अशा १३ प्रकारच्या सोयींना जागा देता येते. अट अशी की प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा लागावी आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडू नयेत. या यादीत पर्यटकांचं वाहनतळ नाही, उपाहारगृह नाही. पर्यटनाच्या सोयींचा रस्ता वेगळा आहे. वन विभागाच्या कार्य आयोजनेत निसर्गपर्यटन म्हणून त्यांचा समावेश व्हावा लागतो. २०२३ मध्ये वनसंवर्धन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा सुविधांना 'वनेतर वापर' या व्याख्येतून सूट दिली आहे.

सोपा मार्ग कुठला? वनजमिनीवर फक्त वाट आणि खुणा ठेवायच्या. सिमेंट, पत्रे, नळ, पार्किंग हे सगळं पायथ्याच्या गावात, गावठाणाच्या हद्दीत. परवानग्या कमी लागतात. शिवाय चहा, पोहे आणि पंक्चरचे पैसे गावातच राहतात.

फणसाड अभयारण्याच्या हद्दीत तर विषयच वेगळा. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं हे जंगल एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथे वन्यजीव कायदा लागू होतो, 'चला, जाऊन बघू' चालत नाही.

पार्किंगआधी रेल्वे बघा

मुंबई-गोवा महामार्ग या पट्ट्यातून जातो, त्यामुळे सगळे गाडी घेऊन येणार असंच गृहीत धरलं जातं. पण दिवा-रोहा रेल्वेमार्गाकडे बघा. आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, रोहा. डोंगराच्या कडेकडेने ओळीने स्थानकं आहेत. एका स्थानकावर उतरायचं, डोंगरातून सायकल चालवत पुढच्या स्थानकावर यायचं. गोल फेरीचा आग्रह सोडला तर रेल्वे हीच या जाळ्याची मुख्य वाट होऊ शकते.

अडचण अशी की या मार्गावर गाड्या मोजक्या आणि गर्दीच्या आहेत. भाजीच्या टोपल्या आणि गणपतीच्या दिवसांतलं सामान असताना डब्यात दहा सायकली घुसवल्या तर रोजचे प्रवासी खपवून घेणार नाहीत. त्यामुळे पेण आणि रोहा स्थानकांजवळ भाड्याने सायकल देणारं केंद्र, कुलूपबंद स्टँड आणि आंघोळीची सोय यांचा विचार पार्किंगच्या आधी व्हायला हवा. सायकल तिथेच राहील, माणूस रिकाम्या हाताने येईल.

पार्किंग लागेलच. तेव्हा गावाच्या आत नको, अलीकडे हवं. अरुंद रस्त्यावर दुतर्फा गाड्या लागल्या की एसटी अडते आणि रुग्णवाहिकाही. पार्किंगचं शुल्क ग्रामपंचायतीने ठराव करून, पावती देऊन घ्यावं. चार पोरांनी दोरी बांधून घेतलेले पन्नास रुपये आणि पावतीवरचे पन्नास रुपये यांत फरक असा की दुसऱ्यातून शौचालय साफ करणाऱ्याचा पगार निघतो.

शौचालय बांधणं सोपं, चालवणं कठीण

स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात सामुदायिक स्वच्छता संकुलासाठी ३ लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. त्यातले ७० टक्के मिशनमधून, ३० टक्के पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून. बांधकामाला पैसे मिळतात. कुलूप लागतं ते नंतर, पाणी नाही आणि झाडणारं कुणी नाही म्हणून.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. वेल्समधलं कोएड-अ-ब्रेनिन हे ब्रिटनमधलं डोंगरसायकलींसाठी खास वाटा बांधलेलं पहिलं केंद्र मानलं जातं, १९९० च्या दशकातलं. तिथलं उपाहारगृह आणि दुकान चालवणं परवडत नाही म्हणून सरकारी संस्थेने ३१ मार्च २०२५ ला बंद केलं. स्थानिकांचा विरोध झाला. पण चालू काय ठेवलं ते बघा: वाटा, पार्किंग आणि शौचालयं. पैसे आटले तरी ज्या तीन गोष्टींना हात लावता येत नाही, त्या आपणही आधी कराव्यात. काचेचं स्वागतकक्ष आणि सेल्फी पॉइंट पुढे कधीतरी.

शौचालयाबद्दल आणखी एक. डोंगरात पुरुष आडोसा शोधतात, बाई मात्र सकाळपासून पाणीच पीत नाही. मग उन्हाचा त्रास तिलाच होतो. महिलांसाठी कडी लागणारं, दिवा असलेलं, कचऱ्याचा डबा ठेवलेलं शौचालय वाटेच्या दोन्ही टोकांना नसेल तर ते जाळं अर्ध्या लोकांसाठी बंदच समजा.

पडलात तर?

जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याजवळ दरीत पडून एका तरुणीचा मृत्यू झाला. वर काढायला कित्येक तास लागले होते. सगळ्यात आधी पोहोचतात ते स्थानिक बचावपथकांचे स्वयंसेवक, स्वतःचं काम सोडून.

सायकलच्या वाटेवर मोडतं ते बहुतेक मनगट नाहीतर गळपट्टीचं हाड. जिवावर बेतत नाही, पण चालवत नाही. अशा वेळी पहिला प्रश्न असतो 'तुम्ही नक्की कुठे आहात?' आणि बाहेरच्या माणसाला उत्तर देता येत नाही. त्यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे: दर अर्ध्या किलोमीटरला क्रमांक लिहिलेला दगडी खांब. '१०८ ला फोन करा, खांब क्रमांक ३७ सांगा.' नकाशाची प्रत पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात, पोलिस ठाण्यात आणि बचावपथकांकडे. जिथे रेंज येत नाही त्या टप्प्यांच्या आधी तसा फलक. सापाच्या विषावरचं औषध जवळ कुठे मिळतं, तेही त्याच फलकावर.

इथे एक गोष्ट टोचायला हवी. रायगडमधल्या अनेक वाड्यांवरून आजही आजारी माणसाला झोळी करून खाली आणावं लागतं. रुग्णवाहिका जाईल असा रस्ता सायकलवाल्यांसाठी करायचा असेल, तर तो वाडीपासून सुरू करा.

वाट स्वतःच सुविधा आहे

जगभर वापरला जाणारा एक ठोकताळा असा: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा, आणि सरासरी १० टक्क्यांच्या आत राहावा. डोंगराचा उतार १६ टक्के असेल तर वाट ८ टक्क्यांच्या आत. नाहीतर पावसाचं पाणी वाटेलाच ओढा समजतं आणि दोन पावसाळ्यांत तिथे घळ पडते. आपल्या पावसात हा नियम अधिकच कडक पाळावा लागेल. म्हणून किल्ल्यावर चढणाऱ्या सरळ पायवाटा सायकलला देऊ नयेत. अवचितगडावर पायीच जावं, सायकल पायथ्याच्या मेढे, पडम, पिंगळसई परिसरातल्या गाडीवाटांवर चालवावी.

जून ते सप्टेंबर वाटा पूर्ण बंद ठेवाव्यात. रील पावसातच छान येते हे खरं, पण ओल्या लाल मातीत टायरने पडलेली चाकोरी पुढे वर्षभर पाणी वाहून नेते. शिवाय दरड. २०२१ चं तळिये आणि २०२३ चं इर्शाळवाडी, दोन्ही जुलैमधलीच.

उरला वेग. उतारावर तीस किलोमीटरच्या वेगाने येणारी सायकल आणि वळणावर डोक्यावर मोळी घेतलेली बाई, हा अपघात आधीच दिसतो आहे. रोजच्या वापराच्या पायवाटा उताराच्या शर्यतीत घ्यायच्याच नाहीत. घ्याव्या लागल्या तर घंटी सक्तीची, आणि पहिला मान मोळीवालीचा.

नियम कुणाचे?

महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्याचा रोख पैसे घेऊन उपक्रम करणाऱ्या संयोजकांवर आहे: नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक, सुरक्षेची साधनं. स्वतःची सायकल घेऊन एकटाच आलेल्या माणसाची काळजी शेवटी ग्रामपंचायत आणि वन समितीवर येते.

शेजारचं कोलाड याबाबतीत बघण्यासारखं आहे. तिथलं राफ्टिंग भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर चालतं. हे केंद्र १९२७ सालचं, पाणी मुळशीचं. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की नदीला ओघ येतो, आणि राफ्ट त्या वेळेला बांधलेल्या असतात. पाहुण्यांच्या सोयीने नदी चालत नाही. डोंगरवाटांचंही वेळापत्रक गावाच्या कामांवर बसवावं लागेल: गवतकापणी, राब भाजणी, वणव्याचे दिवस, जत्रा.

सुरुवात करायची तर एकाच वाटेवर, एका हंगामासाठी. ग्रामसभेचा ठराव, पायथ्याला दोन शौचालयं, एक टाकी, क्रमांकाचे खांब आणि पावतीचं पार्किंग. दर रविवारी दोन आकडे वहीत लिहायचे: किती सायकली आल्या आणि टाकीतलं पाणी किती इंच उतरलं. मे महिन्यात ती वही ग्रामसभेपुढे ठेवायची, आणि दुसरी वाट उघडायची की नाही ते तिथे ठरवायचं.