यीस्टच्या पोटातला शब्द

द्राक्षांचा हंगाम आला की नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरातल्या वायनरींत रस टाक्यांमध्ये आंबायला लागतो. यीस्ट रसातल्या साखरेचं अल्कोहोल करतं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे वर येतात. ‘एन्झाइम’ या शब्दाचा जन्म याच आंबण्याच्या अभ्यासातून झाला. आपली पाठ्यपुस्तकं त्याला ‘विकर’ म्हणतात.

ग्रीकमध्ये ‘एन’ म्हणजे आत आणि ‘झुमे’ म्हणजे खमीर. जर्मन शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी 1870च्या दशकात या दोहोंची जोड देऊन हा शब्द घडवला.

त्या काळी वाद जोरात होता. आंबवण्याचं काम फक्त जिवंत पेशीच करू शकते, असं फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चर ठामपणे सांगत. 1897 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एदुआर्द बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून त्याचा रस काढला आणि त्यात साखर घातली. एकही जिवंत पेशी नसताना बुडबुडे आले! त्या रसातल्या करामती घटकाला त्यांनी ‘झायमेज’ म्हटलं. 1907 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. झायमेज हा एक पदार्थ नसून अनेक विकरांचा संच आहे, हे पुढे कळलं.

नावाच्या शेवटचा ‘एज’ मात्र जुना. पायां आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 1833 मध्ये माल्टमधून ‘डायस्टेज’ वेगळं केलं. त्यामागच्या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘विलग करणं’. त्याचं शेपूट पुढे बहुतेक विकरांना चिकटलं: लॅक्टेज, लायपेज आणि द्राक्षाचा रस मोकळा करायला वायनरीत वापरलं जाणारं पेक्टिनेज. पेप्सिन, ट्रिप्सिन यांसारखी काही नावं मात्र या प्रथेतून सुटली.